बॉनेटवरचे चार चौकोन

खानदेशात काळी गाडी घेणाऱ्या माणसाचं आधी डोकं तपासून घ्यावं, असं जिजाजी म्हणाले तेव्हा मी गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवत होते. शोरूमवाल्यांनी हार घातलेला, पेढे वाटून झालेले, आणि हे धुळ्याहून मुद्दाम जळगावला आलेले. अभिनंदन वगैरे काही नाही. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"डॉक्टर, ही गाडी नाही, तवा आहे. वैशाखात हिच्यावर भाकरी टाकलीस तर फुगेल."

"टाकीन की. तुम्ही पिठलं घेऊन या," मी म्हटलं आणि लिंबावरून गाडी घातली.

जिजाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. धुळ्यात त्यांचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. भिंतीचे रंग विकता विकता आपल्याला जगातल्या सगळ्या रंगांतलं कळतं असा त्यांचा समज झालेला. मी जळगावात दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांचे दात घासून चकचकीत करते, त्यामुळे चकाकीतलं मला कळतं असा माझा समज. एकाच घरात असे दोन समज असले की सणवार बरे जातात, टीव्ही लावावा लागत नाही. त्यांची स्वतःची गाडी पांढरी, बैलगाडीला खेटून उभी केली तर बैल बुजतील एवढी. तिच्यावर आठवड्याची धूळ बसली तरी ती धुतल्यासारखीच दिसायची, आणि हा आपला पराक्रम आहे असं ते वागायचे.

माझ्या गाडीचं तसं नव्हतं. सकाळी पुसली की दवाखान्यापर्यंत जाईतो तिच्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. दवाखान्याचा वॉचमन फार प्रेमळ माणूस. तो मला न विचारता रोज गाडी पुसायचा, आणि ज्या फडक्याने पायऱ्या पुसायचा त्याच फडक्याने पुसायचा. तीन महिन्यांनी एका दुपारी मी गाडी उन्हात उभी केली आणि बॉनेटकडे पाहून थबकले. काळ्या रंगावर बारीक गोल गोल ओरखडे, थेट कोळ्याच्या जाळ्यासारखे. वॉचमनला म्हटलं, "काका, हे काय?" तो म्हणाला, "मॅडम, रोज घासतो ना, म्हणून इतकं दिसतंय. नाहीतर काहीच दिसलं नसतं."

मग मी व्हिडिओ बघायला लागले. परदेशातले लोक गाडी धुताना बघणं हा एक आजारच आहे. त्यांची गॅरेजं माझ्या ऑपरेशनच्या खोलीपेक्षा स्वच्छ. गाडीला हात लावण्याआधी ते हातमोजे घालतात. आमच्याकडे काही दंतवैद्यसुद्धा इतका विचार करत नाहीत. त्या सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता: कार्नोबा. हा शब्द मला चांगला ओळखीचा. दातांच्या कॉलेजात पहिल्या दोन वर्षांत वेगवेगळी मेणं शिकावी लागतात, कारण दाताच्या टोपीचा साचा आधी मेणात करतात. त्यात हे एक: ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावर जमणारं, कडक, चकाकणारं मेण. परीक्षेत मी त्यावर दीड पान लिहिलं होतं. आता पन्नाशीत ते दीड पान कामाला येणार म्हणून मला उगाचच भरून आलं.

मी चांगलं महागातलं मेण मागवलं. मखमली पिशवीत निळ्या काचेची बरणी, आणि बरणी उघडली की शहाळ्याचा वास. किंमत मी नवऱ्याला सांगितली नाही, आणि तीच चूक झाली. त्याला वाटलं, पायाला लावायचं क्रीम आहे. मला कळेपर्यंत चार दिवस तो रोज आंघोळीनंतर ते टाचांना चोळत होता. त्या हिवाळ्यात अख्ख्या जळगाव जिल्ह्यात त्याच्या टाचांइतक्या चकचकीत टाचा कुणाच्या नसतील. पाणी ओतलं की थेंब टपटप घरंगळायचे.

उरलेल्यातलं थोडं मी गाडीला लावलं आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आठव्या दिवशी जिजाजींचा फोटो आला: लाकडी डबी, झाकणावर कोरलेला पोपट, शेजारी त्यांची पांढरी गाडी. खाली लिहिलेलं, "खरं ब्राझील. बाकी सगळं फेसक्रीम." पांढऱ्या गाडीवर मेणाची चकाकी दिसते कुणाला? पण त्यांना दिसत होती. मग रोज फोटो सुरू झाले. त्यांच्या गाडीवरचे पाण्याचे थेंब, माझ्या गाडीवरचे पाण्याचे थेंब. भाचीने ग्रुप सोडला. अक्काने मला फोन करून विचारलं, "तुझ्याकडे वेड्यांचा डॉक्टर कोण चांगला आहे गं? एकाच खर्चात दोघांना दाखवू."

हे सगळं आबांपर्यंत पोचलं ते आमच्या माहेरी, अमळनेरला, एका रविवारी.

आबा म्हणजे आमचे वडील. ऐंशीला टेकलेले. त्यांनी सगळी नोकरी वनस्पती तुपाच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत केली. तेलाचा थेंब बोटावर घेऊन, नाकाशी नेऊन ते सांगायचे की हा माल कुठल्या गाडीतून आला आणि त्यात काय मिसळलंय. नोकरी संपली, पुढे कारखानाही बंद झाला, आणि त्यानंतर आम्ही दोघी मुली त्यांना दोनच प्रश्न विचारायचो: गोळी घेतली का, आणि पोट साफ झालं का. तेही दोनच उत्तरं द्यायचे. बाकी वेळ खुर्ची, पेपर आणि पेपरच्या आड डुलकी.

त्या रविवारी आईने वरणबट्टी केली होती. जेवताना आमचं नेहमीचं सुरू झालं. माझं मेण चांगलं की त्यांचं, कशात कार्नोबा जास्त. जिजाजी म्हणाले, "अगं, माझ्या डबीवर चक्क शंभर टक्के लिहिलंय!"

"कसलं मेण?" आबांनी विचारलं.

आम्ही दोघांनी एकदम तिकडे पाहिलं. आबा जेवताना बोलत नसत.

"कार्नोबा, आबा. गाडीला लावतात."

"आणा इकडे."

मी बरणी आणली, जिजाजींनी पोपट आणला. आबांनी हात धुतले, चष्मा पुसला. चिमूटभर मेण अंगठ्यावर घेऊन चोळलं, हुंगलं, पुन्हा चोळलं, आणि जिभेला लावलं.

"ते तोंडात काय घालता!" आई ओरडली.

आबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "नारळाचा वास बाटलीतला आहे," ते मला म्हणाले. "आत पॅराफिन आहे, मधमाशीचं मेण आहे, थोडं कार्नोबाही आहे. वाईट नाही." मग पोपटाकडे वळले. "ह्यातही तेच. तेल जरा जास्त."

"पण आबा, शंभर टक्के..."

"शंभर टक्के कार्नोबा म्हणजे दगड. दगड घासणार का तुम्ही गाडीवर?"

जिजाजींचा चेहरा असा झाला की मी तिसरी बट्टी घेतली.

आबा तेवढ्यावर थांबले नाहीत. "नुसत्या गप्पा मारून काय उपयोग? टेस्ट घ्या. मेण कोणतं ते लावणाऱ्याला ठाऊक पाहिजे, बघणाऱ्याला नाही." जिजाजींच्या डिकीत बंपरला लावायच्या देशी मेणाचा एक पत्र्याचा डबा होता, तोही त्यांनी मागून घेतला. मग स्वयंपाकघरात जाऊन आईचा मसाल्याचा डबा उघडला, चार वाट्यांतली हळद, तिखट, जिरं, मोहरी एका ताटात ओतली आणि वाट्या घेऊन अंगणात गेले. आई चिडली की अहिराणीवर येते. "बठ्ठा डबा खराब करी टाका! काही काम शे का नही या माणूसले?" ती आम्हाला विचारत होती, जणू आम्हीच त्यांना जन्माला घातलं होतं.

आबांनी आम्हाला घरात कोंडलं. तासाभराने बोलावलं तेव्हा माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर कागदी चिकटपट्टीने चार चौकोन आखलेले होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडा. एक, दोन, तीन, चार. वाट्यांच्या बुडालाही तेच आकडे.

"मेणं तीन आणि चौकोन चार?" मी विचारलं.

"ते शेवटी कळेल."

आम्ही दोघांनी लगेच ओळखलं की एक चौकोन कोरा असणार. कोणत्या चौकोनात काय आहे ते आबांनी एका चिठ्ठीवर लिहिलं, चार घड्या घातल्या आणि म्हणाले, "ही मी ठेवतो. तुमचे हात पोचणार नाहीत अशा जागी. आखाजीला उघडू." होळी नुकतीच झाली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघी बहिणी माहेरी येणारच होतो.

मग दर रविवारी मी जळगावहून आणि जिजाजी धुळ्याहून अमळनेरला यायला लागलो. त्याआधी आम्ही तीन-तीन महिने तिकडे फिरकत नव्हतो, हे आईने पहिल्याच रविवारी सांगितलं आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा सांगितलं. आबा शनिवारी दाढी करून ठेवायचे. रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात वही. वहीत रकाने: पाणी, धूळ, चकाकी, हाताला लागणारा गुळगुळीतपणा. आधी मी पाहायचं आणि दहापैकी गुण सांगायचे, मग जिजाजींनी. एकमेकांचे गुण ऐकायचे नाहीत. एकदा जिजाजी खिडकीआडून ऐकताना सापडले तर आबांनी त्यांचा त्या आठवड्याचा अख्खा रकाना खोडला. जावयाला असं वागवलेलं मी आमच्या घरात पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला ते अतिशय आवडलं.

आठवडाभर मात्र ते बॉनेट मला जळगावात मिरवावं लागायचं. सिग्नलला लोक काच खाली करून विचारायचे की अपघात झाला का. पाचोऱ्याचे एक आजोबा अक्कलदाढ काढायला आले होते. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, पहिले गाडीवर शिकल्या का?" चिकटपट्टी सुटली की मी नवीन लावायची. वॉचमनला ताकीद दिली होती की बॉनेटला हात लावलात तर तुमचा दात काढीन, कोणता ते मी ठरवीन.

चैत्रातलं ऊन तापत गेलं तसा निकाल स्पष्ट होत गेला. तीन नंबर अप्रतिम होता. पाणी टाकलं की मोत्यासारखे थेंब, काळा रंग विहिरीसारखा खोल. मी त्याला नऊ देत होते, जिजाजीही नऊ देत होते. एक आणि चार बरे होते. दोन नंबर म्हणजे निव्वळ दळभद्री. धूळ धरून ठेवायचा, पाणी पसरायचं, हात फिरवला तर खरखर. "हा कोरा पत्रा," जिजाजी म्हणाले. मी म्हटलं, "कोऱ्या पत्र्यालाही काही इज्जत असते. आबांनी इथे बहुतेक एरंडेल चोपडलंय." त्या एका बाबतीत आमचं एकमत होतं. भांडण होतं ते तीन नंबरवरून. मी म्हणायची ते माझं, निळ्या बरणीतलं. ते म्हणायचे पोपटाचं. शेवटी पैज लागली: जो हरेल त्याने आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, अंगावर सणाचे कपडे घालून, जिंकलेल्याच्या दारात रस्त्यावर त्याची गाडी धुवायची, आणि जिंकणाऱ्याने गल्लीतल्या लोकांना चहाला बोलवायचं.

आखाजीच्या दिवशी घर भरलेलं होतं. आमरस, पुरणपोळी, मागच्या निंबाला झोका, झोक्यावर गल्लीतल्या माहेरवाशिणी. जिजाजी जरीच्या कुडत्यात. मी मुद्दाम नवी पैठणी नेसले होते, कारण मला धुवावं लागणार नाही याची खात्री होती. जेवणाआधी आबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं, वही उघडली, एकूण गुण वाचून दाखवले. तीन नंबर पहिला. टाळ्या झाल्या.

"थांबा, चिठ्ठी आणतो," म्हणून ते आत गेले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. आतून कपाटाचं दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज येत होता. जिजाजी म्हणाले, "आबा सस्पेन्स वाढवतायत." आम्ही हसलो. मग आबा दारात आले, आमच्याकडे पाहिलं, "आणतो," म्हणाले आणि पुन्हा आत गेले. त्या दुसऱ्या "आणतो"ला कुणी हसलं नाही.

आम्ही आत गेलो. आबा पलंगावर बसले होते, भोवती तीन ड्रॉवर उपडे. शोधाशोध सुरू झाली. देव्हाऱ्यामागे, कॅलेंडरच्या पानांत, आईच्या साड्यांच्या घड्यांत, तांदळाच्या डब्यात. चिठ्ठी मिळाली नाही. बाकी पुष्कळ मिळालं: तीन चष्मे, अक्काच्या लग्नातला एक फोटो, बंद पडलेल्या टॉर्चचे सेल नीट दोऱ्याने बांधलेले. गव्हाच्या कोठीत हात घातला तर माझ्या हाताला काहीतरी कडक लागलं. काढून पाहिलं तर आबांची खालची कवळी. तीन वर्षांपूर्वी मी करून दिलेली. "हरवली" म्हणाले म्हणून दुसरी करून दिलेली. ती हातात धरून मी उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी बीपी, शुगर, झोप, सगळं विचारते. आपल्या बापाची कवळी गेली कुठे, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नव्हतं. माप घेतलं, नवीन करून दिली, गोळी घेतली का विचारलं आणि जळगावला निघून गेले.

"मला आठवत नाही," आबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "ठेवली ते आठवतं. कुठे ते नाही. कोणत्या चौकोनात काय लावलं, तेही नाही." मग म्हणाले, "कारखान्यात माझ्या हातून कधी एक नमुना हरवला नाही."

अक्का रडायला लागली. आईने तिला दटावलं, "सणना दिवस शे, रडू नको," आणि स्वतः पदर डोळ्यांना लावला. मी ती कवळी पैठणीच्या पदराने पुसत बसले.

जिजाजींबद्दल मी आजवर बरंच वाईट बोललेय आणि पुढेही बोलेन. पण त्या वेळी तोंड उघडलं ते त्यांनीच.

"आबा, चिठ्ठी गेली तर जाऊ द्या," ते म्हणाले. "माल तर आहे ना? वाट्या कुठे आहेत?"

वाट्या होत्या. आईने त्या परत घ्यायला साफ नकार दिला होता; असल्या वाट्यांत मी हळद घालणार नाही, म्हणाली होती. आबांनी मेणासकट त्या माळ्यावरच्या एका खोक्यात ठेवल्या होत्या. जिजाजी जरीच्या कुडत्यानिशी स्टुलावर चढले आणि खोकं खाली काढून आबांच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या. ओळखा."

आबांनी एक वाटी उचलली. बुडावरचा आकडा पाहिला. नाकाशी नेली. मग दुसरी. मग पलंगावरून उठले आणि मला म्हणाले, "माझं थर्मामीटर काढ. लोखंडी कपाट, वरचा खण, पुठ्ठ्याची नळी." ती नेमकी तिथेच होती.

स्वयंपाकघरात एका शेगडीवर पुरणाची कढई होती. दुसरी आईने आमच्यासाठी मोकळी केली. पातेल्यात पाणी, पाण्यात काचेचा उभा ग्लास, ग्लासात थर्मामीटर. थर्मामीटरच्या टोकाला वाटीतलं मेण लावायचं, पाणी सावकाश तापवायचं, मेण पारदर्शक होऊन पहिला थेंब पडला की आकडा वाचायचा. प्रत्येक मेण आपापल्या आकड्याला वितळतं. आबा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते. मी ग्लास धरलेला. जिजाजींना आकडा वाचायचं काम दिलं होतं, तर ते चष्म्याशिवाय काहीही वाचत होते. "त्र्याऐंशी!" "त्र्याऐंशी कसं येईल? आग कमी करा. चष्मा घाला." आई मधूनच पुरणात डाव फिरवायला यायची आणि आम्हाला कोपराने बाजूला सारायची.

एक नंबर: अठ्ठावन्न. पोपटाच्या डबीतलं मेण लावून पाहिलं, तेही अठ्ठावन्न. चार नंबर: त्रेपन्न, म्हणजे देशी डबा. मग तीन नंबर. थेंब पडला चौसष्टला. निळ्या बरणीतही चौसष्ट.

"माझं!" मी ओरडले. "जिजाजी, बादली कुठे आहे?"

"थांब," आबा म्हणाले. "दोन नंबर राहिलाय."

"आबा, दोन नंबर काय, एरंडेल..."

"एरंडेल वाटीत घट्ट राहतं का? लाव."

मी लावलं. पाणी तापत गेलं. साठ, बासष्ट. चौसष्टला थेंब पडला.

आबा म्हणाले, "परत." परत केलं. पुन्हा चौसष्ट. त्यांनी दोन नंबरची वाटी घेतली, तीन नंबरची घेतली, आलटूनपालटून हुंगली, डोळे मिटले. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते.

"डुप्लिकेट!" ते म्हणाले. "अरे, मी डुप्लिकेट टाकलं होतं!"

त्यांना एकदम सगळं आठवलं. कारखान्यात हाताखालच्या माणसांची परीक्षा घ्यायची झाली की एकच तेल दोन बाटल्यांत भरून, दोन आकडे टाकून ते तपासायला पाठवत. दोन्हींचे आकडे सारखे आले तर माणूस कामाचा. वेगळे आले तर माणूस डोळ्यांनी न बघता मनाने बघतो. "आणि तुम्ही दोघांनी," हसता हसता त्यांना ठसका लागला, "एकाला नऊ दिले आणि एकाला दोन!"

"म्हणजे डॉक्टर," जिजाजी सावकाश म्हणाले, चेहरा उजळत गेला, "तू स्वतःच्या मेणाला एरंडेल म्हणालीस."

"आणि तुम्ही त्यालाच पोपट समजून सात रविवार नऊ गुण दिलेत."

दोन नंबर असा का दिसत होता, याचंही कारण आबांनी त्या चौकोनावर बोट घासून, हुंगून आणि गाडी कुठे लावते ते मला विचारून सांगितलं. दवाखान्यासमोरच्या निंबाचा चीक बॉनेटच्या त्या बाजूला पडायचा. तेवढाच फरक. बाकीचा फरक पहिल्या रविवारी आम्ही ठरवून टाकला होता, आणि नंतर तोच दर रविवारी पाहत राहिलो.

निकाल आबांनी दिला. दोघंही नापास. दोघांनी मिळून दोन्ही गाड्या धुवायच्या, आजच, पण ऊन उतरल्यावर. उन्हात धुतलं तर पाण्याचे डाग पडतात. तोपर्यंत जेवून घ्या. साडेपाचला आम्ही दोघं अमळनेरच्या रस्त्यावर उतरलो. मी पैठणीचा काष्टा मारलेला, जिजाजींनी कुडत्याच्या बाह्या वर केलेल्या. अक्काने गल्लीला चहाला बोलावलं होतं. माहेरवाशिणी झोका सोडून बघायला आल्या. एकीने आमच्यावर आखाजीच्या गाण्याच्या चालीत जागच्या जागी एक ओळ रचली. ती मी इथे लिहिणार नाही. आबा खुर्ची टाकून बसले होते आणि "वरून खाली! वरून खाली धुवा!" म्हणून ओरडत होते. बॉनेटवरच्या चिकटपट्ट्या काढल्या तर त्यांचे वण राहिले, ते आजही उन्हात तिरकं पाहिलं की दिसतात.

पुढच्याच आठवड्यात जिजाजी आबांना धुळ्यात डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी कामं सोडून जळगावहून गेले. एक जीवनसत्त्व फार कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. बाकीचं वयाचं आहे, डॉक्टर म्हणाले; थांबणार नाही, हळू करता येईल. आबांनी त्यांना विचारलं, "हे तुम्ही कशावरून म्हणता? दुसऱ्यांदा तपासलं का?" डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तपासलं.

मेणांचं म्हणाल तर, खरं सांगायचं तर, आमच्या उन्हात कुठलंच फार टिकलं नाही. मे संपेपर्यंत चारही चौकोन सारखेच धुळकट झाले होते. निळ्या बरणीत उरलेलं मेण नवऱ्याने पुन्हा टाचांसाठी मागितलं. मी देऊन टाकलं.

आबांचं मात्र दुकान सुरू झालं. आखाजीला स्वयंपाकघरात जे झालं ते गल्लीने खिडकीतून पाहिलं होतं. लोक तूप घेऊन यायला लागले, शुद्ध आहे का बघा म्हणून. आबांनी व्हरांड्यात टेबल टाकलंय. कुणाची वाटी कुठली ते कधीकधी विसरतात, म्हणून आता आई प्रत्येक वाटीवर नाव लिहून घेते आणि बडबडत राहते. आम्ही दोघं अजूनही रविवारी जातो. जिजाजी आकडे वाचतात, चष्मा लावून. गेल्या महिन्यात समोरच्या काकूंनी गावाकडून आणलेलं घरचं गाईचं तूप मोठ्या अभिमानाने आणलं. आबांनी बोटावर घेतलं, हुंगलं आणि चारचौघांत सांगून टाकलं, "यात वनस्पती आहे. आमच्याच कारखान्यासारखा माल." काकू वाटी उचलून तरातरा निघून गेल्या आणि तेव्हापासून आमच्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान मागच्या दाराने आले, हातात मधाची बाटली. म्हणाले, "आबा, हिला सांगू नका, पण हेही जरा बघता का?"